पुढचा नंबर कुणाचा?

(माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण. ध्वनिमुद्रणावरून शब्दांकन.)



संयोजकांनी सांगितलं, प्रत्येकाने आपापल्या कामाबद्दल बोलायचं, पण सगळ्यांना कळेल असं. आधी बोललेल्या डॉक्टरांचं बरं होतं, हृदय प्रत्येकाला आहे. वकिलांचंही बरं, भांडण प्रत्येकाचं आहे. माझ्या वाट्याला आला डेटाबेस. गेली तीस वर्षं मी पुण्यात हेच काम करते. नोंदी ठेवायच्या, त्या सापडतील अशा ठेवायच्या, आणि एकाची नोंद दुसऱ्याच्या नावावर जाणार नाही हे पाहायचं. ऐकायला कंटाळवाणं आहे, मला मान्य आहे. म्हणून आज त्यातला एकच प्रश्न घेते. नवीन नोंद आली, तर तिला पुढचा नंबर कोणता द्यायचा?

तुम्ही म्हणाल, यात काय अवघड आहे? शेवटचा नंबर बघायचा आणि एक मिळवायचा. अगदी बरोबर. आपल्या शाळेच्या कार्यालयात पिढ्यानपिढ्या हेच चाललं. जनरल रजिस्टर आठवतंय ना? जाड पुठ्ठ्याचं, दोन हातांनी उचलावं लागणारं. नोंद क्रमांक, विद्यार्थ्याचं पूर्ण नाव, आईचं नाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, आधीची शाळा, प्रवेशाची तारीख, शाळा सोडल्याची तारीख, कारण, शेरा. एका आडव्या ओळीत एक मूल. आपण सगळे या रजिस्टरात एकेक ओळ आहोत. कार्यालयातले काका शेवटच्या ओळीवर बोट ठेवायचे, तिथला क्रमांक वाचायचे, खाली पुढचा लिहायचे, मग पालकांना विचारायचे, "नाव सांगा."

संगणकाला हेच सांगायचं तर एका ओळीत सांगता येतं. एसक्यूएल नावाची भाषा आहे, १९७० च्या दशकात आयबीएमच्या लोकांनी बनवलेली. त्या भाषेत म्हणायचं : सिलेक्ट, मॅक्स, कंसात नोंद क्रमांक, अधिक एक, फ्रॉम विद्यार्थी. म्हणजे विद्यार्थ्यांच्या तक्त्यातला सगळ्यात मोठा नोंद क्रमांक शोध, त्यात एक मिळव, मला दे. नवीन शिकणारा प्रत्येक मुलगा ही ओळ पहिल्याच आठवड्यात स्वतःच्या डोक्याने शोधून काढतो आणि खूश होतो. आणि ही ओळ चालते. एकटा माणूस, एक संगणक असेल तर वर्षानुवर्षं चालते. त्यामुळेच ती धोक्याची आहे, कारण बिघडते ती नेमकी गर्दीच्या दिवशी.

का बिघडते, ते गुलमंडीवरच्या माणसाला समजावणं सोपं आहे.

आमचं घर गुलमंडीच्या मागच्या बोळात होतं हे माझ्या मैत्रिणींना माहीत आहे. आमचे अण्णा एका कापड दुकानात मुनीम होते. दिवाळीच्या आधीचे आठ दिवस त्या दुकानात पाय ठेवायला जागा नसायची. सुपारी मारुतीपासून पैठण गेटपर्यंत टिळक पथावर नुसती डोकी. एरवी दुकानात एकच बिलबुक असायचं. दिवाळीत तीन गल्ले लागायचे. आता विचार करा, तीन गल्ल्यांवर तीन माणसं आणि बिलबुक एकच. प्रत्येकाने ओरडून विचारायचं, "अरे, कितना नंबर हुआ?" एकजण म्हणणार, "दो सौ बारा." दोघांनी ते एकदमच ऐकलं, तर दोघेही दोनशे तेरा लिहिणार. दोघांपैकी कुणी चूक केली का? नाही. दोघांनी खरा शेवटचा नंबर ऐकला, दोघांची बेरीज बरोबर. तरी दोन गिऱ्हाइकांच्या हातात २१३ नंबरचं बिल.

डेटाबेसमध्ये होतं ते एवढंच. शेवटचा नंबर वाचणं हे एक काम आणि नवीन ओळ लिहिणं हे दुसरं काम. दोन्हींच्या मध्ये एक फट असते. कधी सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढी, कधी समोरचा माणूस फॉर्म भरेपर्यंत दहा मिनिटांची. त्या फटीत दुसरा कुणी येऊन तोच शेवटचा नंबर वाचून गेला, की संपलं.

मग शाळेच्या कार्यालयात असं कधी का झालं नाही? काकांचं गणित आपल्यापेक्षा चांगलं होतं म्हणून नव्हे. रजिस्टर एक होतं, पेन एक होतं आणि काका एक होते. जून महिन्यात कितीही रांग लागली तरी रजिस्टर एका वेळी एकाच्याच पुढ्यात उघडं असायचं. ते रजिस्टर हेच कुलूप होतं. संगणक आला तेव्हा लोकांनी काकांची बेरीज उचलली आणि कुलूप मागे ठेवलं. शेवटचा अधिक एक हा नियम सगळ्यांना दिसला होता, एकच रजिस्टर हा नियम कुणाला दिसला नव्हता, कारण तो कुठे लिहिलेलाच नव्हता.

याचं काय होतं ते सांगते. काही वर्षांपूर्वी मला एका शिक्षणसंस्थेने बोलावलं. संस्थेचं नाव सांगत नाही, गावही सांगत नाही. प्रवेशाच्या दिवसांत पाच खिडक्या उघडल्या होत्या, पाचही ठिकाणी तोच प्रोग्राम, आणि पुढचा नंबर काढायला हीच ओळ. एकाच मिनिटात दोन खिडक्यांवर दोन मुलांचे प्रवेश झाले, एक मुलगी आणि एक मुलगा. दोघांना एकच नोंदणी क्रमांक मिळाला. त्या दिवशी कुणाला कळलं नाही. संगणकाने तक्रार केली नाही, पावत्या व्यवस्थित छापल्या गेल्या. सप्टेंबरात त्या मुलीची शिष्यवृत्ती आली आणि त्या क्रमांकावर मुलाचं नाव आधी सापडलं म्हणून त्याच्या खात्यात गेली. मुलीचे वडील शेतमजूर. गावाहून येऊन कार्यालयात उभे राहायचे, आणि कार्यालय त्यांना पडद्यावर दाखवायचं की शिष्यवृत्ती जमा झालेली आहे. पडदा खोटं बोलत नव्हता. त्या क्रमांकावर खरोखरच जमा झाली होती. चार खेपा झाल्या त्यांच्या. प्रत्येक खेपेला एक दिवसाची मजुरी बुडाली, वर एसटीचं भाडं.

मी गेले तेव्हा सगळा घोळ सोडवायला दोन दिवस लागले. असे एकूण सात जोड सापडले. पण माझ्या डोक्यात राहिलं ते त्या वडिलांचं एक वाक्य. ते म्हणाले, "बाई, माझ्या पोरीचा नंबर तिचा एकटीचा नाही का?" मी अनेक परिषदांना गेले, अनेक जाडी पुस्तकं वाचली. प्रायमरी कीची याहून चांगली व्याख्या मला कुठे मिळाली नाही.

प्रायमरी की म्हणजे तेच. तक्ता तयार करतानाच डेटाबेसला सांगून ठेवायचं, की या रकान्यात एक किंमत दोनदा येता कामा नये. मग दुसऱ्या खिडकीवरून तोच नंबर आला तर डेटाबेस तो घेतच नाही, लाल अक्षरांत नकार देतो. खिडकीवरचा कारकून वैतागतो, पुन्हा बटण दाबतो, या वेळी पुढचा नंबर मिळतो. खिडकीवर दहा सेकंदांचा वैताग बरा की वडिलांच्या चार खेपा बऱ्या? त्या संस्थेत ही एक ओळ लिहिलेली नव्हती. लिहायला एक मिनिट लागलं असतं.

आता या साध्या बेरजेला आणखी तीन भोकं आहेत. ती झटपट दाखवते, कारण इथे बसलेल्या बऱ्याच जणांची मुलं याच क्षेत्रात आहेत. संध्याकाळी घरी जाऊन त्यांची परीक्षा घ्या.

पहिलं भोक : तक्ता रिकामा असेल तर? रिकाम्यात सगळ्यात मोठा क्रमांक कोणता? डेटाबेस शून्य म्हणत नाही. तो म्हणतो नल, म्हणजे माहीत नाही. आणि माहीत नाही अधिक एक बरोबर माहीत नाही. पहिल्याच नोंदीला नंबर मिळत नाही. त्यावर कोअलेस नावाचं फंक्शन वापरतात. काही नसेल तर शून्य धर, असं त्याला सांगावं लागतं.

दुसरं भोक आपल्या गणिताच्या सरांना आवडेल. क्रमांकाचा रकाना कुणीतरी अंकांऐवजी मजकूर म्हणून ठेवला, तर संगणक त्याची तुलना शब्दकोशासारखी करतो, डावीकडून एकेक अक्षर. मग ९९९ हा १००० पेक्षा मोठा ठरतो, कारण नऊ हा एकाच्या नंतर येतो. सगळे क्रमांक तीन अंकी असले, तर ९९९ पर्यंत सगळं सुरळीत. पुढच्याला १००० मिळतो. त्याच्या पुढच्याला? सगळ्यात मोठा अजूनही ९९९ च, म्हणून पुन्हा १०००. आणि पुन्हा १०००. पहिल्या वर्षी प्रोग्राम उत्तम, दुसऱ्या वर्षी उत्तम, आणि तिसऱ्या वर्षी एका दुपारी अचानक वेड लागल्यासारखा वागतो.

तिसरं भोक मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. शेवटची नोंद खोडली तर? समजा ४३१२ नंबरचा विद्यार्थी प्रवेश घेऊन दुसऱ्या दिवशी दुसऱ्या शाळेत गेला आणि कुणीतरी त्याची ओळच पुसून टाकली. आता सगळ्यात मोठा नंबर ४३११, म्हणून पुढच्या मुलाला पुन्हा ४३१२. पण पहिल्याच्या हातात ४३१२ ची पावती आहे, बँकेच्या चलनावर ४३१२ आहे. एक नंबर, दोन माणसं, आणि पहिल्याचा माग कायमचा पुसलेला. कागदी रजिस्टरात असं होत नसे. काका नाव कधी खोडायचे नाहीत. शाळा सोडल्याची तारीख लिहायचे, शेऱ्यात कारण लिहायचे, ओळ तशीच राहायची. मोठ्या नावाजलेल्या डेटाबेसांनाही हा धडा उशिरा मिळाला. मायएसक्यूएल जगभर वापरतात. त्यात आपोआप नंबर देण्याची सोय आहे, पण तिचा मोजणारा आकडा बरीच वर्षं फक्त तात्पुरत्या स्मृतीत राहायचा. सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला, की तो तक्त्यातला सगळ्यात मोठा नंबर बघून एक मिळवायचा. म्हणजे शेवटच्या खोडलेल्या ओळींचे नंबर पुन्हा वाटले जायचे. २०१८ साली आलेल्या आठव्या आवृत्तीत तो आकडा डिस्कवर कायम लिहून ठेवायला लागले.

मग योग्य मार्ग कोणता? दोन आहेत, आणि दोन्ही मार्ग गुलमंडीच्या व्यापाऱ्यांना संगणकाच्या आधीपासून माहीत होते.

पहिला मार्ग दिवाळीतल्या बिलबुकांचा. अण्णांच्या मालकांनी ओरडून नंबर विचारणं बंद केलं. प्रत्येक गल्ल्याला वेगळं बिलबुक दिलं, छापील नंबरांचं. पहिल्याला १ ते १००, दुसऱ्याला १०१ ते २००, तिसऱ्याला २०१ ते ३००. कुणी कुणाला विचारायचं नाही, आपापल्या पुस्तकातलं पुढचं पान फाडायचं. दिवाळी संपली की दुसऱ्या बुकातली वीस पानं कोरी राहायची. अण्णा त्यावर "रद्द" लिहून आडवी रेघ मारायचे. नंबर वाया गेले, पण एकही दोनदा गेला नाही. संगणकातली सिक्वेन्स नावाची सोय जवळपास अशीच चालते. ओरॅकलमध्ये आहे, पोस्टग्रेसमध्ये आहे. तिला म्हणायचं, पुढचा दे. ती देते आणि तो नंबर पुन्हा कुणालाही देत नाही. तुम्ही तो वापरला की टाकून दिला, याच्याशी तिला देणंघेणं नाही. व्यवहार अर्ध्यावर रद्द झाला तरी नंबर परत घेत नाही. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये तर सर्व्हर अचानक बंद पडून सुरू झाला की नंबर एकदम हजाराने उडी मारू शकतो. मग कार्यालयातून घाबरून फोन येतो, "मॅडम, मधले हजार विद्यार्थी कुठे गेले?" कुठे नाही हो गेले. ती कोरी पानं आहेत.

क्रमांकात खंड पडला म्हणजे काहीतरी चोरीला गेलं, असं आपल्याला वाटतं. ओळखीसाठी दिलेल्या नंबरात खंड असला तरी काही बिघडत नाही. नंबरचं काम माणूस ओळखणं हे आहे. माणसं मोजायची असतील तर ती वेगळी मोजता येतात.

पण काही ठिकाणी खंड चालत नाही. आज इथे आपले जे व्यापारी मित्र आहेत, त्यांना जीएसटीचा नियम माहीत आहे. बिलाचा क्रमांक सलग हवा, सोळा अक्षरांपेक्षा मोठा नको आणि त्या आर्थिक वर्षात एकदाच आलेला हवा. एकापेक्षा जास्त मालिका चालतात, म्हणजे प्रत्येक गल्ल्याची वेगळी मालिका ठेवता येते. पण त्या मालिकेत सलगता पाहिजे. तिथे सिक्वेन्स उपयोगाची नाही. तिथे दुसरा मार्ग घ्यावा लागतो, काकांच्या रजिस्टराचा. एका छोट्या तक्त्यात शेवटचा नंबर लिहून ठेवायचा. ज्याला नवा हवा त्याने आधी त्या ओळीला कुलूप लावायचं, नंबर वाचायचा, वाढवायचा, बिल लिहायचं आणि मगच कुलूप काढायचं. तोपर्यंत दुसरा दारात थांबेल. बिल रद्द झालं तर वाढवलेला नंबरही आपोआप मागे येतो. थोडं सावकाश चालतं, पण खंड पडत नाही.

म्हणून माझ्याकडे कुणी आलं की मी पहिल्यांदा हेच विचारते : नंबर ओळखीसाठी हवा की हिशेबासाठी? ओळखीसाठी असेल तर खंड चालेल, थांबणं नको. हिशेबासाठी असेल तर थांबणं चालेल, खंड नको. दोन्ही फुकटात मिळत नाही.

आता एक वेगळाच प्रश्न. नंबरात अर्थ भरायचा की नाही?

भरायचा मोह सगळ्यांना होतो. आपल्या देशातलं उत्तम उदाहरण पिन कोड. १५ ऑगस्ट १९७२ ला तो सुरू झाला आणि त्याची रचना केली श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याने, जे संस्कृतचे कवीही होते. पहिला अंक विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसरा वर्गवारीच्या जिल्ह्याचा, शेवटचे तीन टपाल कार्यालयाचे. ४३१००१ म्हटलं की पत्र आपल्या गावाकडे निघतं. तिथे अर्थ भरणं योग्यच होतं, कारण पत्र कुठे पाठवायचं हे त्या नंबराने सांगायचं होतं. शाळांच्या यूडायस कोडचंही तसंच. अकरा अंक, त्यातले पहिले दोन महाराष्ट्राचे २७, पुढचे दोन आपल्या जिल्ह्याचे १९. इथल्या शिक्षकांना तो झोपेतही पाठ असेल.

पण अर्थ बदलतो तेव्हा काय होतं ते आपल्या शहराने अलीकडेच पाहिलं. २०२३ साली शहराचं नाव छत्रपती संभाजीनगर झालं. आपल्या गाड्यांवरच्या एमएच २० ला काहीही झालं नाही, कारण विसात कुणाचंच नाव नव्हतं. पिन कोडलाही काही झालं नाही. रेल्वे स्थानकाचा कोड मात्र एडब्ल्यूबी होता, जुन्या नावाच्या अक्षरांवरून आलेला. स्थानकाचं नाव बदललं तेव्हा तो कोडही बदलावा लागला. नाव बरोबर की चूक हा आजचा विषय नाही. मुद्दा एवढाच, की नंबरात जे भरलं असेल ते एक दिवस बदलतं, आणि मग नंबर तरी खोटा ठरतो किंवा बदलावा तरी लागतो. बदलणारा नंबर ओळखीच्या कामाचा नाही.

आधार तयार करणाऱ्यांनी हे ओळखलं होतं. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावातल्या एका महिलेला मिळाला. त्या बारा अंकांत ना तिचं गाव आहे, ना जात, ना जन्मसाल. आणि पहिला असूनही तो एक नंबरचा नाही. आधार क्रमांक ओळीने देतच नाहीत. दोन सख्ख्या भावांनी एकाच टेबलावर पाठोपाठ नोंदणी केली तरी एकाच्या नंबरावरून दुसऱ्याचा काढता येत नाही. इथे शेवटचा अधिक एक हा मार्ग मुद्दामच टाळला आहे, कारण ओळीने नंबर दिले की ते ओळीने तपासून बघणारेही येतात. शिवाय बारावा अंक नुसता तपासणीचा आहे. याकोबुस व्हेरहूफ नावाच्या डच गणितज्ञाने १९६९ मध्ये ती पद्धत मांडली. लिहिताना एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले, तर ती पद्धत लगेच पकडते.

आता मी आपल्या शाळेकडे येते, कारण या सगळ्याचा आजच्या दिवसाशी संबंध आहे.

माजी विद्यार्थी संघाने दोन कामं ठरवली आहेत. एक, शाळेची जुनी जनरल रजिस्टरं संगणकावर आणायची. दोन, सगळ्या माजी विद्यार्थ्यांची यादी करून प्रत्येकाला सदस्य क्रमांक द्यायचा. दोन्ही कामं फार चांगली आहेत. मुख्याध्यापक सरांनी कार्यालय उघडं करून दिलं, त्याबद्दल त्यांचे आभार.

रजिस्टरांचं महत्त्व मराठवाड्यात वेगळं सांगायला नको. इथल्या कित्येक जुन्या नोंदी निजामाच्या काळातल्या, उर्दूत लिहिलेल्या आहेत. २०२३ साली शासनाने न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली आणि जुन्या नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा महसूल दप्तरांबरोबर शाळांच्या प्रवेश-निर्गम नोंदीही पाहिल्या गेल्या. ज्या ओळीकडे वर्षानुवर्षं कुणी बघितलं नव्हतं, तिच्यावर एका कुटुंबाचं पुढचं आयुष्य अवलंबून राहिलं. म्हणून म्हणते, रजिस्टर संगणकावर घेताना चार गोष्टी पाळूया.

पहिली, जुना नोंद क्रमांक जसा आहे तसा घ्यायचा. मध्ये गळलेला असेल तर गळलेलाच ठेवायचा. एकच क्रमांक दोनदा दिसला, तर आपल्या मनाने एकाला ब लावायचं नाही. दोन्ही घ्यायचे आणि शेऱ्यात लिहायचं. मूळ रजिस्टरातली नोंद शिक्षणाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शाळेलाही बदलता येत नाही, मग आपण तर पाहुणे.

दुसरी, क्रमांकाबरोबर रजिस्टरचा खंड लिहायचा. नव्या रजिस्टरात क्रमांक पुन्हा एकपासून सुरू झालेला असू शकतो. खंड आणि क्रमांक मिळून एक ओळख होते, नुसत्या क्रमांकाने नाही.

तिसरी, टाइप करायला दहा स्वयंसेवक बसणार आहेत. त्यांनी पुढचा नंबर एकमेकांना विचारायचा नाही. तो डेटाबेस देईल. ती सोय मी करून देते, आणि ज्यांना हे शिकायचं असेल त्यांना शेजारी बसवून शिकवते.

चौथी गोष्ट सदस्य क्रमांकाची, आणि इथे मला थोडं आग्रहाने बोलायचं आहे. एक सूचना अशी आली आहे, की आज जे हयात आहेत त्यांची आडनावाप्रमाणे यादी करावी, एकपासून नंबर द्यावेत आणि दरवर्षी यादी नव्याने करून नंबर नीट लावून घ्यावेत, म्हणजे मध्ये खंड दिसणार नाहीत. सूचना करणाऱ्याचा हेतू नीटनेटकेपणाचा आहे. पण मित्रांनो, नीट लावून घेणं म्हणजे काय? कुणी गेलं, की त्याची ओळ काढायची आणि त्याच्या खालच्या प्रत्येकाला एकेक वर सरकवायचं. आपल्या दहावीच्या तुकडीतले चौघे आज नाहीत. त्यातला एक तुमच्या माझ्यासमोर याच मैदानावर शंभर मीटर धावत पहिला आला होता. शाळेच्या रजिस्टरात त्याची ओळ आहे आणि कायम राहील. शाळेने ती खोडली नाही, तर आपण त्याचे मित्र असून आपल्या यादीत त्याला जागा का ठेवू नये?

त्यालाही नंबर द्या. पुढे हयात नाही अशी नोंद करा. गेलेल्याचा नंबर दुसऱ्या कुणाला देऊ नका. पुढच्या वर्षी जो नवीन येईल त्याला त्याच्या पुढचा, नवा नंबर मिळेल. नंबर काही संपत नाहीत. साधा पूर्णांकाचा रकानासुद्धा २१४ कोटींच्या पुढे जातो. इतकी मुलं आपल्या शाळेत यायला बराच वेळ आहे, मुख्याध्यापक सर काळजी करू नका.

आणि त्या नंबरात तुकडी, साल, आडनाव असलं काही भरू नका. लग्नानंतर माझ्या किती मैत्रिणींची आडनावं बदलली ते बघा. त्यातल्या दोघींनी ती पुन्हा बदलून माहेरची घेतली. नंबर बदलता कामा नये. साल, तुकडी, आडनाव, गाव यांना वेगवेगळे रकाने द्या, ते हवे तेव्हा बदला. नंबर कोरडाच ठेवा. कोरडा असतो म्हणूनच तो टिकतो.

यादी छापायला खंड पडलेली दिसेल. ४१ नंतर ४३ येईल. कुणी नवीन मुलगा विचारेल, बेचाळीस कुठे आहे? तेव्हा सांगता येईल की बेचाळीस आहे, तो अमक्याचा आहे, आज तो आपल्यात नाही. बेचाळिसावर दुसरं कुणी बसलेलं असेल तर हे सांगायला जागाच उरणार नाही.

जाता जाता एक विनंती. ज्यांच्याकडे शाळा सोडल्याचा जुना दाखला असेल, त्यांनी तो आज कार्यालयाबाहेरच्या टेबलावर दाखवावा. त्यावर जनरल रजिस्टरचा क्रमांक असतो. आपण तो यादीशी ताडून बघू आणि तुमची ओळ तुमच्या हाती देऊ. दाखला सापडत नसेल तरी या. नाव आणि साल सांगा, शोधून देऊ. टेबलावर दोन संगणक ठेवले आहेत, दोघांवर दोघे जण एकाच वेळी काम करणार आहेत, आणि तरीही कुणाला कुणाचा नंबर मिळणार नाही, याची जबाबदारी माझी.

आमच्या सरांनी आणि बाईंनी आम्हाला हजेरीत नंबराने हाक मारली, पण ओळखलं नावाने. पुढचे वक्ते वाट पाहत आहेत आणि बाहेर इमरतीचा वास सुटलाय.